कायाकॉय

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येकडील एक ओस गाव. जुने ग्रीक नाव लिव्हिसी. फेतिये (पूर्वीचे माक्री) या बंदराच्या दक्षिणेस सु. ८ किमी.वर, काया खोऱ्याच्या कडेने डोंगरउतारावर त्याची छपरे नसलेली शेकडो दगडी घरे उभी आहेत.

गावाच्या प्राचीनत्वाविषयी मतभेद आहेत. अँटिक्रॅगस डोंगरातील एका घळीत कार्मिलेसस ही वस्ती असल्याचे प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. ती हीच, असे अनेक ठिकाणी ठामपणे लिहिले जाते. परंतु परिसरातील लिशियन (लिशिया या येथील प्राचीन प्रदेशातील) कबरींवरून येथे प्राचीन वस्ती होती एवढेच सिद्ध होते, तिचे नाव नव्हे. बायझंटिन काळातील बिशपपीठांच्या याद्यांत लेबिसस हे नाव येते. त्याचा संबंध काही अभ्यासक जवळच्या गेमिलर बेटावरील व किनाऱ्यावरील अवशेषांशी जोडतात. ओसाका विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात या अवशेषांची पाहणी केली. अरब आरमारी स्वाऱ्यांच्या काळात, बहुधा सातव्या शतकापासून, किनाऱ्यावरचे लोक आत सरकले असावेत. उपलब्ध पुराव्याशी हे मत अधिक जुळते. आज दिसणारी घरे मात्र मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील आहेत. माक्रीतील १८५६ चा भूकंप व १८८५ ची आग यांनंतर तेथील कुटुंबे येथे आल्याने गाव वाढले असे मानतात. खालच्या चर्चच्या फरसबंदीतील गोट्यांच्या नक्षीत १८८८ हे वर्ष आहे.

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उतारावर व मुस्लिम शेतकरी सपाटीवर, अशी येथील वाटणी होती. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती रहिवाशांना टप्प्याटप्प्याने अंतर्भागात हद्दपार करण्यात आले. उरलेले बहुतेक १९२२ मध्ये ग्रीस-तुर्कस्तान युद्धातील ग्रीक सैन्याच्या पराभवानंतर गेले. ३० जानेवारी १९२३ च्या लोझान (स्वित्झर्लंड) येथील ग्रीस व तुर्कस्तान यांच्यातील लोकसंख्येच्या अदलाबदल कराराने त्यांच्या परतीची वाट कायद्यानेच बंद केली. करारात निकष धर्माचा होता, भाषेचा नव्हे.

ग्रीसमधून आलेल्या मुस्लिम निर्वासितांना येथे वसवण्याचा प्रयत्न टिकला नाही. ते मुख्यतः शेतकरी होते. या दाट वस्तीच्या चढावर कसण्याजोगी जमीन नव्हती, आणि खोऱ्यातली जमीन आधीच कसली जात होती. भुताखेतांच्या भीतीमुळे लोक गेले, ही पर्यटकांना सांगितली जाणारी कथा या साध्या कारणापुढे गौण ठरते. घरांची छपरे १९५७ च्या फेतिये भूकंपात कोसळली असेही म्हणतात. भूकंपाने नुकसान केलेच, पण तुळया, दारे व खिडक्यांचे लाकूड बांधकामासाठी आधीपासूनच काढून नेले जात होते.

गाव आता संरक्षित स्थळ असून चालती वस्ती खोऱ्यात आहे. माक्री व लिव्हिसीच्या निर्वासितांपैकी काहींनी ग्रीसमधील अ‍ॅटिकाच्या किनाऱ्यावर, मॅरेथॉनजवळ, नेआ माक्री हे गाव वसवले.