जन्मजात हृदयदोष: आई-वडिलांना आधार देण्याची पार्श्वभूमी

दर हजार जन्मांमागे साधारण ८ ते ९ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यावरच्या उपचारांचा इतिहास सर्जन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नावांनी सांगितला जातो: १९३८ साली बॉस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस, १९४४ साली बाल्टिमोरमध्ये ब्लॅलॉक, टॉसिग आणि थॉमस. आई-वडील त्यात क्वचितच दिसतात.

एका ठिकाणी मात्र ते थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते. १९५४ साली मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी हृदयाच्या पडद्यातलं छिद्र बुजवताना मुलाचं रक्ताभिसरण दुसऱ्या माणसाला जोडलं, बहुतेकदा आईला किंवा वडिलांना. शेजारच्या टेबलावर त्यांना भूल दिलेली असे, मांडीच्या रक्तवाहिन्यांत नळ्या असत आणि मुलाच्या रक्ताला प्राणवायू त्यांची फुप्फुसं पुरवत. अशा ४५ शस्त्रक्रियांतली २८ मुलं वाचून घरी गेली. पुढे हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र आलं आणि पालक दाराबाहेर गेले.

त्या काळात अनेक रुग्णालयांत भेटीची वेळ मोजकीच असे. आई रडते, मग मूल रडतं, म्हणून तिला लांब ठेवा, असा समज होता. १९५९ साली ब्रिटनच्या प्लॅट समितीने तो मोडून काढला आणि पालकांना मुलाजवळ राहू देण्याची शिफारस केली. ब्रिस्टलमधल्या बालहृदय शस्त्रक्रियांची चौकशी २००१ साली पूर्ण झाली, तेव्हा दुसरा प्रश्न ऐरणीवर आला: शस्त्रक्रियेतला धोका पालकांना खरोखर सांगितला जातो का?

आमच्या मते खरं वळण अमेरिकेतल्या मिलवॉकीत आलं. हृदयाचा डावा भाग अविकसित असला तर तीन टप्प्यांत शस्त्रक्रिया होते. पहिली जन्मानंतर काही दिवसांत, दुसरी साधारण चार ते सहा महिन्यांनी. मधल्या काळात घरी गेलेली काही बाळं अचानक दगावत. २००० च्या सुमारास तिथल्या बालरुग्णालयाने पालकांना वजनकाटा आणि पल्स ऑक्सिमीटर घरी द्यायला सुरुवात केली. नियम सोपे होते. एका दिवसात ३० ग्रॅम वजन घटलं किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढलं नाही, तर लगेच फोन करायचा. उलटी-जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं की शंटमधून (पहिल्या शस्त्रक्रियेत फुप्फुसांकडे रक्त नेण्यासाठी बसवलेल्या छोट्या नळीतून) रक्त जाणं कमी होतं आणि चेहऱ्यावर दिसण्याआधी ते काट्यावर दिसतं. घरातले मृत्यू ठळकपणे घटले. तेव्हापासून पालकांना शिकवणं हा उपचाराचाच भाग मानला जाऊ लागला.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली. अंगणवाडी आणि शाळेत फिरती पथकं मुलांना तपासतात, संशय आला तर पुढे पाठवतात. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पण पथक येईपर्यंत अवघड दोषांची वेळ टळलेली असू शकते. म्हणून प्रसूतिगृहातून सोडण्याआधी, जन्मानंतर २४ तासांनी, उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून घ्यावा. पाय गार असला तर आकडा चुकतो, आधी ऊब द्यावी. आकडा ९० टक्क्यांच्या खाली आला तर थांबायचं नाही, इको (हृदयाची सोनोग्राफी) लगेच करायचा.

घरी पहिला इशारा दूध पिताना मिळतो: कपाळाला घाम, धाप, दोन घोट घेऊन दमणं. एक पाजणं अर्ध्या तासावर ताणू नये, कारण चोखण्यातच बाळाच्या उष्मांकाची उधळण होते. थोडं थोडं, वारंवार पाजावं. गरज पडल्यास काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्यावं. वजन रोज त्याच वेळी, दुधाआधी, कपडे काढून आणि १० ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर घ्यावं. फॅलोच्या दोषात (हृदयात एकत्र आढळणाऱ्या चार बिघाडांत) बाळ अचानक निळं पडलं तर गुडघे छातीशी दुमडून धरावं आणि त्याच अवस्थेत रुग्णालय गाठावं.

आणखी एक ओझं आईवर असतं, ते घरचेच टाकतात: ग्रहण पाळलं नाहीस, भाजी चिरलीस. हृदयाची मूळ घडण गर्भाच्या आठव्या आठवड्यापर्यंत होऊन जाते, कित्येकदा दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. बहुतेक बाळांत नेमकं कारण सापडतच नाही. हे डॉक्टरांनी एकट्या आईला न सांगता सासू-सासरे आणि नवऱ्याला समोर बसवून सांगावं, इकोचा कागद हातात देऊन.