शेजाऱ्याशी हद्दीवरून वाद असेल तर: कुंपणाचं काम सांगण्याआधी वाचा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग भागात आम्ही कलमांच्या बागा, नारळी-पोफळीची आगरं आणि घराभोवतीच्या परड्यांना कुंपण घालून देतो. चेनलिंक जाळी, काटेरी तार, सिमेंटचे खांब, चिऱ्याचं कंपाऊंड अशी सगळी कामं आम्ही घेतो. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच ग्राहकांचा पहिला प्रश्न दराचा नसतो. "खांब पुरले तर शेजारचा अडवेल का?" असं ते विचारतात. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे. हद्दीवर वाद असेल तिथे मोजणी झाल्याशिवाय आम्ही एकही खांब पुरत नाही. असं का, आणि मोजणीआधी-नंतर तुम्ही काय करायचं, ते खाली सांगितलं आहे.

आधी सातबारा नीट बघा

तुमच्या सातबाऱ्यावर तुमचं एकट्याचं नाव आहे की चुलत्यांसकट दहा-बारा नावं आहेत? कोकणात दुसरीच परिस्थिती जास्त. आजोबांच्या वेळी तोंडी वाटप झालं, "फणसापासून विहिरीपर्यंत तुमचं, पलीकडे आमचं" असं ठरलं आणि पन्नास वर्षं त्याप्रमाणे कसवलं गेलं. पण कागदावर तो गट किंवा हिस्सा नंबर अजून एकच असेल, तर तुमच्या आणि चुलतभावाच्या मधली ती रेषा सरकारी नकाशात नसतेच. भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी कर्मचारी, येऊन संपूर्ण नंबराची बाहेरची हद्द दाखवील, आतली दाखवू शकणार नाही.

अशा वेळी भांडण कुंपणाचं दिसत असलं तरी खरं अडलेलं असतं वाटप. सगळे सहहिस्सेदार राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून वाटप करून घेता येतं, मग पोटहिस्स्याची मोजणी होते आणि तुमच्या हिश्श्याचा नकाशा तयार होतो. राजी नसतील तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा करावा लागतो. हे व्हायला वेळ लागतो, हे आम्हाला माहीत आहे. तोपर्यंत गुरांपासून रोपं वाचवायची असतील तर शेराची किंवा करवंदीच्या काट्यांची वई घाला. ती उद्या हलवता येते, आणि तिच्यावरून सहसा कोणी कोर्टात जात नाही.

मोजणी: इथे घाई करू नका

नंबर स्वतंत्र असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज द्या. हा अर्ज ई-मोजणीवर ऑनलाइन भरता येतो. नियमित आणि द्रुतगती असे दोन प्रकार आहेत, द्रुतगतीची फी बरीच जास्त. अर्जात लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं आणि पत्ते बरोबर द्या. आमच्या अनुभवात पुढचे निम्मे वाद इथल्या निष्काळजीपणातून उभे राहतात. शेजारी कायम मुंबईत असतो, नोटीस गावच्या बंद घराला लागते, आणि गणपतीला तो आला की "मला न कळवता मोजणी केली" म्हणून हरकत घेतो. त्याचा मुंबईचा पत्ता शोधून अर्जात घाला. शिवाय स्वतः फोन करा. एवढं म्हटलं तरी पुरे: "काका, कुंपण घालायचं आहे, म्हणून मोजणीचा अर्ज टाकलाय. तारीख मिळाली की कळवतो, तुम्ही किंवा तुमच्या वतीने कोणी तरी उभं राहा. जी रेषा येईल ती दोघांनी धरू." फोननंतर हेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा, म्हणजे तारखेसकट नोंद राहते.

मोजणीसाठी भातकापणीनंतरचे दिवस बरे. पावसाळ्यात रान माजलेलं असतं, जुना हद्दीचा दगड गवतात सापडत नाही. त्या दिवसाआधी दोन्ही अंगांनी चार-पाच फूट झाडी साफ करून ठेवा. आता मोजणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या संकेतांवर चालणाऱ्या उपकरणाने होते, पण उपकरण कितीही नवं असलं तरी ताडून बघायचं ते जुन्या नकाशाशी आणि टिपणाशीच (टिपण म्हणजे पूर्वीच्या मोजणीतल्या मापांची नोंद). जुन्या टिपणातली मापं साखळी आणि आण्यांत आहेत. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून किंचित जास्त. अशा कागदावरून आलेल्या रेषेसाठी चार बोटांवर अडून बसणं दोघांनाही परवडत नाही. शेजाऱ्याशी बोलताना हे जरूर सांगा, कारण पुष्कळांना वाटतं की मशीन आलं म्हणजे इंचाचा हिशेब मिळाला.

मोजणीत भूकरमापक खुणा दाखवतो. त्या दिवशीच प्रत्येक खुणेवर चिरा किंवा सिमेंटचा ठोकळा पुरून घ्या आणि फोटो काढा, ज्यात मागे घराचा कोपरा, विहीर किंवा एखादं मोठं झाड दिसेल. नुसती चुन्याची फक्की किंवा लाकडी खुंटी पहिल्या पावसापर्यंतसुद्धा टिकत नाही. पुढे कार्यालयातून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा मिळतो. आम्हाला काम सांगताना ती प्रतच दाखवावी लागेल.

शेजाऱ्याला मोजणी मान्य नसेल तर त्यावर भांडू नका. त्याला निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागण्याचा हक्क आहे. ती भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांच्या पातळीवर होते, आणि तिच्यावरही समाधान झालं नाही तर जिल्हा अधीक्षकांकडून सुपर निमताना. त्याने तो मार्ग धरला तर धरू द्या. दोनदा मोजून तीच रेषा आली की बहुतेकांचा आवाज खाली येतो.

मोजणीत तुमची जागा शेजाऱ्याच्या ताब्यात निघाली, तर ती मोजणी झाली म्हणून आपोआप तुमच्या हाती येत नाही. तो स्वखुशीने सोडत नसेल तर वकिलाचा सल्ला घ्या आणि लवकर घ्या. त्याने तुमची मालकी नाकारून उघडपणे १२ वर्षं सलग ताबा ठेवला असेल तर त्या जागेवरचा तुमचा दावा मुदतीबाहेर जाऊ शकतो. उलट, कोणी अलीकडेच जबरदस्तीने तुम्हाला बाहेर काढलं असेल तर ताबा परत मिळवण्याच्या सोप्या दाव्याची मुदत फक्त सहा महिन्यांची असते. रात्रीत खांब उपटून टाकणं हा उपाय नाही. तसं केलं की ज्याची बाजू खरी तोच पोलीस ठाण्यात आरोपी म्हणून बसतो, आणि हे बघणं फार वाईट असतं.

जुना गडगा काढून जाळी घालायची असेल तर

हा प्रकार आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त बिघडतो, म्हणून सविस्तर लिहितो.

जुना सुका गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेली बांधाची भिंत, पायाशी दोन-अडीच फूट रुंद असतो, वर निमुळता. दर पावसाळ्यात कुठेतरी ढासळतो, दगड घरंगळतात, कधी या अंगाला रचला जातो, कधी त्या. चाळीस वर्षांत तो मूळ जागेवरून हललेला असतो. आता त्या जागी खांब आणि जाळी येणार, आणि जाळीची जाडी जवळजवळ शून्य. मग मोकळी झालेली दोन फूट पट्टी कोणाची? शंभर फूट लांबीत ती २०० चौरस फूट होते. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा. आजच्या भावात कोणी सोडायला तयार नसतं.

गडगा दोघांचा सामाईक असेल आणि मोजणीची रेषा त्याच्या आसपासच येत असेल, तर आमची शिफारस अशी: दगड हलवण्याआधी गडग्याच्या दोन्ही अंगांना सुतळी ताणा, दर दहा फुटांवर मधला बिंदू खुंटीने धरा, आणि दोन्ही घरातल्या माणसांसमोर ती मधली रेषा पक्की करा. त्यानंतरच दगड काढा. एकदा दगड ट्रॉलीत भरले की मधला बिंदू कोणालाच सिद्ध करता येत नाही. दगडांचंही ठरवून घ्या. सामाईक गडग्याचे दगड एकाने घराच्या पायाला वापरले, म्हणून दोन घरांचं बोलणं वर्षानुवर्षं बंद राहिलेलं आम्ही पाहिलं आहे.

गडगा एकट्याच्या जागेत असेल तर त्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावू नका. आपल्या बाजूने, आपल्या जागेत वेगळी जाळी घाला.

गडग्याच्या जागी बंद चिऱ्याची भिंत बांधणार असाल तर पाण्याचा विचार आधी करा. सुक्या गडग्यातून पाणी झिरपून जातं, सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीतून जात नाही. वरच्या अंगाचं पाणी अडलं तर एकतर शेजाऱ्याच्या परड्यात तळं होईल किंवा तुमची भिंत एका रात्रीत आडवी होईल. आम्ही पायाशी ठराविक अंतरावर पाणीवाटा ठेवतो आणि त्या बुजवू नका असं सांगतो. नैसर्गिक पाण्याचा प्रवाह किंवा वहिवाटीचा रस्ता अडवला तर समोरचा माणूस १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाऊ शकतो, आणि अडथळा काढण्याचा हुकूम होऊ शकतो. पाणंद, विहिरीची वाट, स्मशानाची वाट कुंपणाच्या आत घेऊ नका. नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत पक्क्या भिंतीला परवानगी लागते, तीही आधी घ्या.

खर्च कोणी करायचा

शेजारी अर्धे पैसे देईलच असं धरून काम काढू नका. मागायला हरकत नाही, मागावेतच, कारण सामाईक जाळी दोघांनाही स्वस्त पडते. तो नाही म्हणाला तर खांबाची बाहेरची कड रेषेच्या आत ठेवून, पूर्ण आपल्या जागेत कुंपण घाला. कोपऱ्यांवरच्या खांबांना तिरके टेके द्यावे लागतात, तेही आपल्याच अंगाला. मग कुंपण तुमचं, दुरुस्ती तुमची, आणि त्यावर त्याने वेल चढवायचा की नाही हेही तुम्हीच ठरवायचं.

तो हो म्हणाला तर पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर लिहून घ्या. दोन्ही गट नंबर, रेषेची लांबी, जाळीचा प्रकार आणि गेज, कोणी किती पैसे दिले, पुढची दुरुस्ती कशी वाटायची, आणि मुख्य म्हणजे हे कुंपण मोजणीच्या रेषेवर आहे की सोयीसाठी थोडं बाजूला आहे. वाकडी हद्द सरळ करण्यासाठी पट्टीची अदलाबदल करायची असेल तर असा साधा कागद पुरणार नाही. जमिनीची अदलाबदल नोंदणी करूनच होते, आणि १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो का हे आधी बघावं लागतं.

फांद्या आणि फळं

कलमाची फांदी तुमच्या जागेवर आली असेल तर आपल्या हद्दीपुरती छाटता येते, पण आधी सांगा आणि शक्यतो झाडाच्या मालकालाच छाटू द्या. मोहोर धरल्यावर तर अजिबात हात लावू नका, त्या फांदीवर त्याचं वर्षाचं उत्पन्न असतं. फांदी तुमच्याकडे झुकली तरी फळ झाडाच्या मालकाचं. कुंपणाच्या आड येणारं अख्खं झाड तोडायचं असेल तर आंबा, फणस, जांभूळ, साग, ऐन, किंजळ अशी झाडं स्वतःची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरी हद्दीत छाटणीलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी विचारा. रेषेवरचं झाड वाचवून जाळी वळवणं आम्हाला जमतं. खिळे मारून झाडालाच तार बांधणं आम्ही करत नाही.

वीज

माकडं आणि रानडुकरांमुळे बागायतदार किती मेटाकुटीला आले आहेत हे आम्ही रोज बघतो. तरीही तारेत मीटरवरून किंवा विजेच्या खांबावरून थेट वीज सोडण्याचं काम आम्ही कोणत्याही किमतीला घेणार नाही. त्यात माणसं मरतात, शेजारची मुलं मरतात, आणि मालक तुरुंगात जातो. हवं असेल तर सौर झटका मशीन लावून देतो, फलक लावून आणि शेजाऱ्याला दाखवून.

कोर्टाआधी एक दार

गावात तंटामुक्ती समिती जागती असेल तर तिच्यापुढे बसा. नाहीतर तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करा, दावा दाखल होण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. तिथे झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नाही. महिला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना मोफत वकीलही मिळतो. दोन पिढ्या तारखा घालण्यापेक्षा इथली एक दुपार बरी, असं आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

आमच्याकडे येताना

चालू सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीची 'क' प्रत, खुणांचे फोटो आणि शेजाऱ्याशी काही लिहून ठरलं असेल तर तो कागद आणा. जागा बघायला आम्ही येऊ तेव्हा शेजाऱ्यालाही बोलवा, तो आला तर आम्हाला आनंदच आहे. काम सुरू असताना कोणी हरकत घेतली तर आम्ही त्याच जागी थांबतो, तेवढ्या भागाचं काम वादाचा निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवतो आणि बाकीच्या बाजू पुरी करतो. पैसे जेवढ्या फुटांचं काम झालं तेवढ्याचेच घेतले जातात. उरलेल्या मापाची जाळी आणि खांब तुमच्या नावाने आमच्या गोदामात ठेवले जातात.