‘केमो नको, झाडपाल्याचं बघूया’ : ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाची पार्श्वभूमी

तोंडाच्या कर्करोगावर वनस्पतींतून औषध शोधण्याचा विषय निघाला की गोव्यात कुणीतरी १५६३ साली इथे छापलेल्या पोर्तुगीज ग्रंथापर्यंत मागे जातंच. विडा, सुपारी, हळद त्यात आहेत खरी. पण आजच्या औषधांचं मूळ तिथे शोधणं ओढूनताणूनच.

हा इतिहास गेल्या साठेक वर्षांतला. सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचं औषध १९६३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्कपेशी मारणारं द्रव्य सापडलं आणि त्यापायी झाडांवर कुऱ्हाड पडली. तोंडाच्या कर्करोगात मात्र ही दोन्ही मुख्य औषधं नव्हेत. तिथे कामाला आला यू नावाचा सूचिपर्णी वृक्ष. त्याच्या सालीतलं पॅक्लिटॅक्सेल १९९२ मध्ये आलं, तेही आधी अंडाशयाच्या कर्करोगासाठी. युरोपातल्या यूच्या पाल्यापासून डोसिटॅक्सेल तयार झालं आणि २००६ मध्ये डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी (त्यात तोंडाचाही येतो) अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली.

घोळ इथेच आहे. ‘केमो नको, झाडपाल्याचं बघूया’ असं घरातली माणसं म्हणतात, आणि ज्या सलाईनला ती घाबरतात त्यात अक्षरशः झाडाचा पाला असू शकतो! मग डोसिटॅक्सेलला वनस्पतिजन्य म्हणायचं का? रेणूचा सांगाडा पानातला, त्याला जोडलेली शेपटी प्रयोगशाळेतली. संशोधक त्याला वनस्पतिजन्य औषधांच्या यादीत धरतात, वैद्य बहुधा धरणार नाहीत. मी धरतो. पण त्याच यादीत हळदीतलं कर्क्युमिनही त्याच्या मांडीला मांडी लावून बसतं, हे मला खटकतं. काचेच्या बशीत ते कर्कपेशी मारतं. पोटातून घेतलं तर आतडं आणि यकृत त्याचं रूप इतक्या झपाट्याने बदलतात की रक्तात फारच थोडं उरतं. तोंडातल्या ज्या पांढऱ्या चट्ट्यांचा पुढे कर्करोग होऊ शकतो, त्यांच्यावर त्याच्या चाचण्या झाल्या, काहींचे चट्टे आक्रसलेही. पण चट्टा आक्रसणं म्हणजे कर्करोग टळणं नव्हे.

आणि सुपारी? तीही कुळागरातलीच, म्हणजे गोव्यातल्या घरच्या बागायतीतली. तंबाखू नसतानाही ती कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २००४ मध्ये नोंदवलं. गोव्याने २००५ मध्ये कायदा करून गुटखा बंद केला. सुपारीला हात लावला नाही. लावला असता तर फोंडा-सत्तरीतल्या बागायतदारांनी काय म्हटलं असतं ते वेगळं सांगायला नको. तिच्यातलं अरेकोलीन हे अल्कलॉइड (वनस्पतींत सापडणारं नायट्रोजनयुक्त रसायन), म्हणजे व्हिन्क्रिस्टीनच्याच गोतावळ्यातलं.