परदेशातील बाळंतपण आणि अंगावरचे दूध : न्यू जर्सीतील मराठी मातांसाठी माहिती

आम्ही दूध काढण्याचे पंप भाड्याने देतो आणि घरी येऊन स्तनपानाविषयी सल्ला देतो. आमच्याकडून पंप नेणाऱ्या किंवा आम्हाला घरी बोलावणाऱ्या बहुतेक मातांची तक्रार एकच असते, ती म्हणजे दूध पुरत नाही. तपासल्यावर पुष्कळदा दूध पुरेसे असल्याचेच आढळते. मात्र तसे खात्रीने सांगणारे जाणते माणूस घरात नसते.

पहिले दोन-तीन दिवस दाट, पिवळसर चीक येतो आणि तोही एका वेळी चमचा-दोन चमचे एवढाच. बाळाला त्या वेळी तेवढा पुरतो. तो टाकून द्यावा किंवा बाळाला मध चाटवावा, असे गावाकडून फोनवर कोणी सुचविल्यास कृपया मानू नये. चीक बाळाचे रोगांपासून रक्षण करतो, तर एक वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. सुरुवातीला बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण 10 ते 14 दिवसांत जन्माच्या वेळेइतके होते. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान 6 डायपर ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर बाळाचे पोट भरत आहे असे समजावे.

खरी अडचण संध्याकाळी येते. बाळ तासातासाला रडून पाजायला मागते, आजीचा जीव कळवळतो आणि वरच्या दुधाची बाटली पुढे येते. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होत असल्यामुळे, बाटलीने भरलेल्या पोटी बाळ अंगावर कमी ओढते आणि दूध खरोखरच आटू लागते. अर्थात काही वेळा दूध उतरायला उशीर होतो, विशेषतः सिझेरियननंतर किंवा गरोदरपणात मधुमेह झालेला असल्यास, आणि हा मधुमेह भारतीय स्त्रियांमध्ये बराच आढळतो. डॉक्टरांनी वरचे दूध सांगितल्यास ते जरूर द्यावे, मात्र प्रत्येक बाटलीच्या वेळी पंपाने दूध काढावे. बाळ सुस्त असेल किंवा डायपर कोरडे राहत असतील, तर आमची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना फोन करावा.

आळीव, डिंकाचे लाडू अवश्य खावेत. बाळंतिणीला पोषण हवेच. पण आमच्या मते आई किंवा सासूबाई आल्यावर त्यांनी स्वयंपाक सांभाळावा आणि बाळंतिणीला फक्त पाजण्यास मोकळे ठेवावे, हा आधार लाडवांहून मोठा आहे.

बहुतेक आरोग्य विम्यांतून पंप आणि स्तनपान सल्ला यांचा खर्च मिळतो, तेव्हा भाडे भरण्यापूर्वी विमा कंपनीकडे चौकशी करावी. (आमचे थोडे नुकसान झाले तरी चालेल.) 2022 च्या संघीय कायद्यानुसार बहुसंख्य नोकरदार मातांना बाळंतपणानंतर एक वर्षापर्यंत दूध काढण्यासाठी वेळ आणि स्वच्छतागृह सोडून अन्य खासगी जागा देणे मालकावर बंधनकारक आहे. एच-4 व्हिसावरील (म्हणजे एच-1बी नोकरदाराची पत्नी म्हणून आलेल्या), नोकरी नसलेल्या मातेला याचा उपयोग नाही. परंतु पती न्यू जर्सीत नोकरी करीत असल्यास आणि कमाईची अट पूर्ण होत असल्यास, त्यांना बाळासाठी 12 आठवड्यांपर्यंत अंशतः पगारी रजा राज्याच्या योजनेतून मिळू शकते. ही गोष्ट अनेक घरांत ठाऊकच नसते. उत्पन्न कमी असल्यास विक (WIC) या माता-बालकांसाठीच्या सरकारी पोषण योजनेतून आहार व सल्ला मिळतो आणि त्यासाठी व्हिसाचा प्रकार आड येत नाही.

घरभेट शक्यतो प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवावी. पाजल्याच्या वेळा आणि ओल्या डायपरांची नोंद जवळ असावी. बाळ पाजण्याच्या सुमारास आम्ही येऊ, म्हणजे त्याची स्तनावरील पकड प्रत्यक्ष पाहता येईल. मात्र ते आधीच भुकेले झाल्यास आमच्यासाठी थांबवून ठेवू नये.