सांगलीची हवा, मोजलेली धूळ आणि मेंदू

सांगली-मिरज-कुपवाडचं नाव हवेचे निकष न गाठणाऱ्या शहरांच्या राष्ट्रीय यादीत आहे, ही बातमी आता जुनी झाली. त्या यादीचा विषय निघाला की खोकला, दमा आणि डोळ्यांची चुरचुर एवढ्यावरच बोलणं थांबतं. मेंदूबद्दल कुणी बोलत नाही. गेल्या वीस-बावीस वर्षांत या विषयातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं संशोधन नेमकं मेंदूवर झालं आहे. ते समोर ठेवलं की आपल्याकडचा एक सरकारी निर्णय पुन्हा तपासावासा वाटतो. शहरांची हवा सुधारली की नाही हे फक्त पीएम 10 वर, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या एकत्रित आकड्यावर, ठरवण्याचा तो निर्णय (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात. लंडनमध्ये डिसेंबर 1952 मध्ये कोळशाचा धूर धुक्यात अडकून पाच दिवस शहरावर बसला आणि हजारो माणसं दगावली. तेव्हापासून हवेचा विचार आधी फुप्फुसाच्या आणि नंतर हृदयाच्या अंगानं होत गेला. मेंदूचा संबंध स्पष्ट झाला तो शिशामुळे. पेट्रोलमधलं शिसं धुरावाटे मुलांच्या रक्तात उतरतं, त्यांची बुद्धी आणि एकाग्रता कमी करतं, हे 1970 च्या दशकापासून पुढे येत गेलं. भारतात असं पेट्रोल 2000 साली बंद झालं. जगात सगळ्यात शेवटी, 2021 मध्ये, ते अल्जीरियात थांबलं. पुरावा हाती असूनही पंपावरून ते हटायला इतकी वर्षं गेली.

पुढचा धागा मेक्सिको सिटीतला. 2002 च्या सुमाराला तिथल्या भटक्या कुत्र्यांच्या मेंदूत संशोधकांना दाह आणि म्हातारपणीच्या आजारात दिसतात तसे बदल आढळले. नंतर त्याच शहरातल्या मुलांमध्ये आणि तरुणांमध्येही तशा खुणा दिसल्या. 2016 मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या 37 मृत व्यक्तींच्या मेंदूचे नमुने तपासले गेले. त्यात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म गोल कण सापडले. शरीरात तयार होणाऱ्या कणांचा आकार वेगळा असतो; हे कण मात्र प्रचंड उष्णतेत, जळताना तयार होणाऱ्या कणांसारखे होते. 2017 मध्ये कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 66 लाख लोकांच्या नोंदी पाहिल्या गेल्या, तेव्हा मोठ्या रस्त्यापासून 50 मीटरच्या आत राहणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे 7 टक्के जास्त आढळलं. 2020 मध्ये एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत हवेचं प्रदूषण धरलं. 2024 च्या सुधारित अहवालात त्याचा वाटा 3 टक्के दाखवला आहे. आकडा लहान दिसतो. पण भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज आहे, आणि हाच वाटा त्यांना लावला तर संख्या अडीच लाखांच्या वर जाते.

लकव्याचा हिशेब याहून मोठा आहे. 2016 च्या एका जागतिक अभ्यासानं पक्षाघाताच्या एकूण ओझ्यापैकी सुमारे 29 टक्के वाटा बाहेरच्या हवेच्या आणि घरातल्या चुलीच्या धुराच्या माथी धरला होता.

शंका घेणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. वर्दळीच्या रस्त्याकडेला बहुधा गरीब माणूस राहतो, त्याचं शिक्षण कमी असतं, झोपेत आवाज असतो. मग दोष एकट्या हवेचा कसा? ब्रिटनच्या सरकारी तज्ज्ञ समितीनं सगळे अभ्यास चाळून 2022 मध्ये मत दिलं, की वृद्धांच्या बौद्धिक ऱ्हासाला हवेचं प्रदूषण हातभार लावत असण्याची शक्यता दाट आहे, आणि त्याचा मुख्य मार्ग रक्तवाहिन्यांमधून जातो. कण फुप्फुसात खोल उतरतात, रक्तात दाह वाढतो, वाहिन्या कडक होतात, मेंदूचा रक्तपुरवठा बिघडतो. नाकातल्या गंधाच्या मज्जातंतूवरून कण थेट मेंदूत शिरतात, या दुसऱ्या मार्गाचा पुरावा अजून तेवढा पक्का नाही.

या दोन्ही मार्गांनी जातात ते बारीक कण. जाड धूळ नाकात आणि घशात अडकते. अडीच मायक्रॉनच्या आतले कण, आणि त्यातही सगळ्यात सूक्ष्म, पुढे सरकतात. बारीक कण मुख्यतः काहीतरी जळण्यातून येतात, तर रस्त्यावरची धूळ बहुतांशी जाड असते.

आता तो निर्णय. देशाची सध्याची हवेची मानकं नोव्हेंबर 2009 ची आहेत. वार्षिक सरासरीत, हवेच्या दर घनमीटरमागे, पीएम 10 साठी 60 मायक्रोग्रॅम आणि पीएम 2.5 साठी, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांसाठी, 40. जागतिक शिफारस 2021 मध्ये 15 आणि 5 वर आली, आपली मानकं तिथेच राहिली. 2011 ते 2015 या पाच वर्षांत मानक ओलांडणाऱ्या शहरांत सांगली होती. ऑक्टोबर 2018 मध्ये पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणानं 102 शहरांसाठी कृती आराखडे मागवले आणि जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर झाला. उद्दिष्ट होतं 2017 च्या तुलनेत 2024 पर्यंत दोन्ही प्रकारचे कण 20 ते 30 टक्क्यांनी घटवण्याचं. पुढे ते 2025-26 पर्यंत 40 टक्के असं वाढवलं. पण प्रत्यक्षात शहरांची कामगिरी मोजताना आणि निधी देताना फक्त पीएम 10 धरलं गेलं.

यामागे कारण होतं. जुन्या, माणसानं चालवायच्या केंद्रांवर पीएम 10 ची नोंद वर्षानुवर्षं होती, पीएम 2.5 मोजणारी यंत्रं लहान शहरांत फारशी नव्हतीच. ज्याचा पायाच नाही, त्यातली घट दाखवायची कशी? प्रशासनाच्या अंगानं पाहिलं तर निर्णय समजण्यासारखा आहे. परिणाम मात्र व्हायचा तोच झाला. जे मोजलं जातं त्यावर पैसा जातो. दिल्लीतल्या एका पर्यावरण संस्थेनं 2024 मध्ये केलेल्या पडताळणीत देशभरचा सुमारे 64 टक्के निधी रस्त्याच्या धुळीवर खर्च झालेला दिसला. पालापाचोळा आणि लाकूडफाटा जळण्यावर सुमारे साडेचौदा टक्के, उद्योगांवर एक टक्काही नाही. झाडलोटीची यंत्रं, पाण्याचे फवारे, रस्त्याकडेचं काँक्रीट, यांनी धूळ बसते हे खरं आहे, आणि धुळीचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण मेंदूपर्यंत पोचणारा कण या खर्चाच्या वाटेवर क्वचितच भेटतो.

सांगलीत हा फरक डोळ्यांना दिसतो. हळद पॉलिश होताना उडणारी पिवळी धूळ कपड्यांवर बसते. हंगामात पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटलं की करपलेल्या पानांचे काळे लांबट तुकडे वाऱ्यावर येतात आणि गच्चीतल्या वाळत घातलेल्या धोतरावर पडतात. बोट लावलं की चुरा होऊन काळी रेघ उमटते. लोक तक्रार करतात ती या काजळीची. ती झटकता येते. तिच्यासोबत निघालेला, ठिणगी विझल्यावरही शिवारावर तरंगत राहिलेला निळसर धूर मात्र सकाळी दारं-खिडक्यांतून आत येतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणातलं चिपाड, वीटभट्ट्या, जुन्या डिझेल गाड्या आणि घरातली चूल यांचा धूरही याच जातीचा.

पाचटाचा हिशेब शेतकऱ्याला माहीत आहे. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. ते सरीत दाबलं तर खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर त्याच बुंध्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला, ओल टिकते आणि जमिनीला खत मिळतं. तरी पेटवलं जातं, कारण मजूर मिळत नाही, कुट्टी करायला ट्रॅक्टरचं भाडं द्यावं लागतं आणि पहिलं पाणी लवकर द्यायचं असतं. काही ठिकाणी तोडीआधीच उसाचा उभा फड पेटवतात, म्हणजे तोडणाऱ्या मजुरांच्या टोळीचं काम हलकं होतं. जळीत उसाच्या दरात कपात होते, ती शेतकऱ्याच्याच खिशातून.

मोजणीतही दोन भोकं आहेत. माणसानं चालवायच्या केंद्रांवर आठवड्यातून दोनदा नमुना घेतला जातो, वर्षाला साधारण 104 वेळा. एखाद्या रात्री पेटलेला फड त्यात येईल की नाही हा निव्वळ नमुना कोणत्या दिवशी घेतला याचा प्रश्न. दुसरं म्हणजे हा कार्यक्रम शहरांचा आहे. वाळवा, पलूस, कडेगाव या ऊसपट्ट्यातली गावं कुठल्याच यादीत नाहीत. बीडकडून येणारी तोडणी टोळी सहा-सहा महिने फडाशेजारी कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते, चुलीवर भाकरी थापते, जळीत ऊस तोडते आणि सोबत लहान मुलं असतात. या जिल्ह्यात सगळ्यात जास्त धूर त्यांच्या वाट्याला येत असेल. 2025-26 नंतरच्या टप्प्यात पीएम 2.5 ची घट निधीला जोडावी आणि हंगामात निदान साखर पट्ट्यातल्या तालुक्यांच्या गावी अखंड मोजणारी यंत्रं बसवावीत. एवढं झालं तरी कारखान्यांना, पंचायतींना आणि आरोग्य केंद्रांना एकाच आकड्यावर बोलता येईल.