मीठ लावून वाळवलेलं कातडं आणि कमावलेलं कातडं, या दोघांत फरक काय

गणपतीची चवथ जवळ आली की घुमटाच्या, म्हणजे मातीच्या मडक्याला कातडं ताणून केलेल्या गोव्याच्या वाद्याच्या, कातड्याचा विषय निघतोच, आणि मोले-अनमोडच्या नाहीतर चोर्ला घाटाच्या रस्त्यावर गाडीखाली आलेली घोरपड किंवा साळिंदर दिसलं की कोणीतरी म्हणतंच, अरे मेलेलंच आहे ना, मग कातडं काढून मीठ लावून टॅन करून ठेवलं तर काय बिघडलं. या एका वाक्यात दोन चुका आहेत. एक कायद्याची, दुसरी कामाची, म्हणजे मीठ लावणं म्हणजेच टॅनिंग, कातडं कमावणं, असं धरून चालणं. दुसरीवर मला जास्त लिहायचंय पण पहिली सोडून पुढे जाताच येत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, त्याचं कलम ३९ सरळ सांगतं की मेलेला सापडलेला वन्य प्राणी सरकारच्या मालकीचा. तुम्ही मारला नाही, गाडीही तुमची नव्हती, तरी तो तुमचा होत नाही. त्याचं कातडं, हाड, नख काहीही ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस स्टेशनात किंवा वन खात्याच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि लेखी परवानगीशिवाय ते ठेवता येत नाही, कोणाला देता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. घोरपड तर अनुसूची १ मधली, तिथे शिक्षा किमान ३ वर्षं ते ७ वर्षं आणि दंड किमान २५,००० रुपये. कातडं कच्चं आहे की कमावलेलं याने काही सुटका होत नाही, कायद्याने दोन्ही अवस्था धरल्यात. यूट्यूबवर जे लोक रस्त्यावरचं जनावर उचलून घरी नेताना दिसतात ते बहुतेक अमेरिकेतले असतात, तिथे बऱ्याच राज्यांत परमिट घेऊन तसं चालतं, आपल्याकडे नाही.

आणि माकडाबद्दल वेगळं सांगतो. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडताप माहितीचा आहे, तो गोचिडीतून पसरतो, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी अंग थंड झालं की उतरून दुसरं अंग शोधतात. म्हणून मेलेलं माकड दिसलं तर जवळसुद्धा जाऊ नका, वन खात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा.

आता मुख्य मुद्दा, आणि पुढचं सगळं बकऱ्याच्या कातड्यावर, जे खाटकाकडे सहज मिळतं आणि ज्याला कोणाची परवानगी लागत नाही.

ताज्या कातड्यात वजनाने साठ-सत्तर टक्के पाणी असतं आणि बाकीचं बहुतेक कोलॅजन नावाचं प्रथिन, त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले. जनावर मेलं की जिवाणू त्या धाग्यांवर तुटून पडतात, आणि आपल्या हवेत, तीस अंशाच्या वर, ते काही तासांतच सुरू होतं. मीठ काय करतं तर कातड्यातलं पाणी ओढून घेतं आणि जे उरतं ते इतकं खारट करतं की जिवाणूंना वाढता येत नाही. बस्स, एवढंच. धाग्यांना मीठ हातही लावत नाही. खारा बांगडा जसा पाण्यात घातला की परत मासाच होतो आणि मग ठेवला तर सडतो, तसंच हे कातडं, भिजवलं की परत कच्चं. मिठाने वेळ मिळतो, कातडं बदलत नाही.

पण तो वेळ नीट मिळवायलाही हात लागतो. आतल्या बाजूची चरबी आणि पातळ पडदा आधी खरवडून काढावा लागतो, कारण चरबीतून मीठ आत जात नाही. मग कातड्याच्या वजनाच्या साधारण निम्मं जाडं मीठ, कडेपर्यंत, कान-पायांच्या घड्यांतसुद्धा चोळायचं आणि उतारावर ठेवायचं म्हणजे सुटलेलं पाणी वाहून जाईल, दुसऱ्या दिवशी ते ओलं मीठ झटकून नवीन लावायचं. गोव्यात यात मोठी अडचण पावसाची. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि जून ते सप्टेंबर आपली हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते, म्हणून जूनमध्ये मीठ लावून माडीवर टांगलेलं कातडं वाळतच नाही, घाम आल्यासारखं गळत राहतं. वर कधी गुलाबी-लाल डाग पडतात, ते मिठातच जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचे, मिठागराच्या पाण्याला गुलाबी रंग आणणाऱ्यांच्याच जातीचे. ते डाग दिसले म्हणजे कातडं आतून जायला लागलंय असं समजा. हे काम डिसेंबर-जानेवारीतलं.

कमावणं मात्र पूर्ण वेगळी गोष्ट. तिथे झाडाच्या सालीतलं तुरट द्रव्य टॅनिन किंवा क्रोमियम धातूचे क्षार कोलॅजनच्या धाग्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकांशी बांधून टाकतात. बांधल्यावर जिवाणूंना ते धागे सहजी तोडता येत नाहीत, आणि वाळताना धागे एकमेकांना चिकटत नाहीत म्हणून कातडं मऊ राहतं. भिजवा, वाळवा, परत भिजवा, ते कच्चं होत नाही. आपल्याकडची जुनी पद्धत हिरडा आणि बाभळीच्या सालीची, कोल्हापुरी चपलेचं चामडं त्याच पद्धतीचं. यात घाई चालत नाही. आधी फिकट काढ्यात, मग हळूहळू कडक काढ्यात न्यायचं, आठवडे लागतात. सुरुवातीलाच कडक काढा दिला तर वरचा थर बांधला जाऊन बंद होतो आणि आत कच्चंच राहतं, बाहेरून छान तपकिरी दिसणारं कातडं वर्षभराने मधूनच सडतं ते यामुळे. क्रोमचं काम तासा-दिवसांत होतं आणि आज जगातलं बहुतेक चामडं त्याचंच, पण ते घरच्या बादलीत करून पाणी विहिरीजवळ किंवा ओहोळात सोडायची गोष्ट नव्हे, ते कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

गोंधळ खरा होतो तो मधल्या दोन प्रकारांत. एक तुरटी. तुरटी-मिठाच्या पाण्यात ठेवलेलं कातडं पांढरं, मऊ, हाताला एकदम तयार वाटतं, पण तुरटीचा बांध कच्चा, भरपूर पाण्यात धुतलं की ती निघून जाते आणि कातडं परत होतं तिथेच. दुसरा त्या अमेरिकन व्हिडिओंतला, जनावराचा मेंदू चोळून कमावण्याचा. मेंदूतली चरबी कातडं फक्त मऊ करते, पाण्यात टिकायची ताकद त्याला नंतर दिलेल्या धुरामुळे येते, धुरातली आल्डिहाइड नावाची रसायनं धागे बांधतात. व्हिडिओत धुराचा भाग पाच सेकंदात उरकतात आणि बघणाऱ्याला वाटतं मेंदूनेच सगळं झालं. केसासकट ठेवायचं असेल तर अजून एक, केस मुळाशी धरलेले असतात, मुळाशी एकदा जिवाणू गेले की मुठीने केस सुटतात आणि मग कुठलाही काढा ते परत बसवत नाही. उन्हात दिवसभर रस्त्यावर पडलेल्या जनावराचं हेच झालेलं असतं. पीस, नख, साळिंदराचा काटा हे केराटिन नावाचं वेगळं प्रथिन, त्याला कमावणं लागतच नाही, पण कलम ३९ त्यांनाही लागू, फक्त मोराच्या पिसाऱ्यातल्या पिसांना कायद्यात वेगळी सूट आहे.

मग कोणतं चांगलं असं विचारतात. कशासाठी हवंय ते सांगा. घुमटाला कमावलेलं कातडं अजिबात चालत नाही! मऊ, ताणलं जाणारं, आवाज धप्प. वाद्याला कच्चंच लागतं, केस काढून, ओलं असताना तोंडावर ताणून बांधलेलं आणि वाळून कडक झालेलं, कारण वाळताना धागे एकमेकांना घट्ट चिकटतात आणि तोच ताण नाद देतो. तबला-मृदंगाचंही तेच. कच्चं आहे म्हणूनच चवथीच्या पावसात ते हवेतलं पाणी घेऊन उतरतं आणि आरतीआधी शेकावं लागतं, हा बनवणाऱ्याचा दोष नव्हे, कच्च्या कातड्याचा धर्मच तो. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्य जाहीर केलं ते बकऱ्याच्या कातड्याच्या जोरावर. बकऱ्याच्याला घोरपडीसारखा आवाज नाही म्हणणारे जुने वादक आहेत, कानाने ते म्हणत असतील तर मी वाद घालणार नाही, पण त्या आवाजासाठी घोरपड उचलावी, मग ती मारलेली असो की मेलेली, हे मला पटत नाही.

हातातलं कातडं कुठलं ते ओळखायचं असेल तर कडेचा बारीक तुकडा कापा. कमावलेल्याचा रंग आरपार एकसारखा दिसतो. कच्चं पिवळट, किंचित पारदर्शक, आणि अर्धवट कमावलेल्यात मधोमध फिकट रेघ राहते, ती रेघ दिसली तर परत काढ्यात. दुसरी परीक्षा गरम पाण्याची. कच्चं साधारण ६०-६५ अंशांना आकसून गोळा होतं आणि उकळत ठेवलं तर सरस बनतो, हिरड्या-बाभळीचं ७० ते ८५ च्या दरम्यान आकसतं, नीट केलेलं क्रोमचं उकळत्या पाण्यातही तसंच राहतं. आणि घुमट विकत घेताना उजेडात धरून बघा, बकऱ्याच्या कातड्यावर केसांच्या मुळांचे बारीक ठिपके असतात, घोरपडीच्यावर दाण्यांसारख्या खवल्यांच्या ओळी. खवले दिसले तर घेऊ नका.