परमुलखातील मराठी यात्रेकरू आणि मधला माणूस

परक्या भाषेच्या प्रदेशात प्रवाशाला कशी वागणूक मिळते, याची चर्चा बहुधा तेथील लोकांच्या स्वभावाभोवती फिरते. मराठी प्रवाशाचा इतिहास पाहिला, तर ही वागणूक स्थानिकांपेक्षा मधे उभ्या असलेल्या मराठी जाणणाऱ्या माणसावर अधिक अवलंबून होती, असे दिसते.

रेल्वेपूर्वी लांबचा प्रवास घडे तो मुख्यतः यात्रेसाठी. काशी, प्रयाग आणि गया या त्रिस्थळीत पोचलेल्या यात्रेकरूने गाव व आडनाव सांगितले की तीर्थोपाध्ये वही उघडून त्याच्या पूर्वजांची नावे वाचून दाखवीत, आणि तेथून पुढे उतरण्याची जागा, जेवण, श्राद्धाची सामग्री असे सगळेच त्यांच्या हाती जाई. काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत असल्याने हिंदीचा एक शब्दही न बोलता यात्रा पुरी होऊ शके. या सोयीची दुसरी बाजू अशी, की नावेचे भाडे किंवा दक्षिणा वाजवी आहे का, हे विचारायचे झाले तरी ते त्याच उपाध्यांमार्फत विचारावे लागे.

दक्षिणेत रामेश्वराच्या वाटेवर, उपाध्यांवाचून दुसरा आधार नसण्याची ही उणीव काही अंशी राजसत्तेने भरून काढली. तंजावरचे मराठी राज्य 1855 पर्यंत टिकले; सरफोजी दुसरे यांनी 1799 च्या तहात बहुतेक मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला दिला, तरी यात्रेकरूंसाठीची छत्रे (म्हणजे अन्नछत्रे व धर्मशाळा) आपल्याकडे राहावीत, असा त्यांचा आग्रह होता. तेथे जेवण तर मिळेच, शिवाय वाटेत आजारी पडलेल्याला बरे होईपर्यंत औषध व पथ्याचा आहार दिला जाई. आजारपणातच परकी भाषा सर्वांत जास्त अडते, हे ध्यानात घेतले म्हणजे या व्यवस्थेचे मोल कळते.

1870 मध्ये मुंबई–कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. प्रवासी वाढले, उद्देश बदलले, पण मधला माणूस गेला नाही. केसरी टूर्सची स्थापना 1984 मधली; अशा सहल कंपन्यांनी मराठी बोलणारा सहलप्रमुख आणि घरच्या चवीचे जेवण बरोबर नेऊन जुन्या उपाध्यांचेच काम नव्या रूपात चालू ठेवले. (आपल्याला हिंदी येते, हा मराठी माणसाचा विश्वास तमिळनाडूतील लहान गावात पहिल्याच रिक्षापाशी डळमळतो, हेही त्यामागचे एक कारण असावे.)

सरकारी पातळीवर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने 2016 मध्ये 1363 ही बहुभाषी मदतवाहिनी सुरू केली. तिच्या 12 भाषांपैकी 10 परदेशी प्रवाशांसाठी आहेत. उरल्या हिंदी आणि इंग्रजी. देशातला प्रवासी या दोहोंपैकी एक तरी जाणतो, असे तेथे धरून चालले आहे.